पत्ता मागायचा की ऐकायचा? राउटर अॅडव्हर्टाइजमेंटचा आढावा

लासूर स्टेशन हे मनमाड–छत्रपती संभाजीनगर रेल्वेमार्गावरचं, गंगापूर तालुक्यातलं बाजाराचं गाव. मूळ लासूर शिवना नदीच्या काठी, दाक्षायणी देवीच्या देवळामुळे पंचक्रोशीला ठाऊक असलेलं. रेल्वे स्टेशनभोवती वाढली ती व्यापाराची पेठ. अशा पेठेतल्या एखाद्या मध्यम आडत दुकानात आयपी पत्ता लागणाऱ्या वस्तू आज किती असतात, ते मोजून पाहावं. मालकाचा आणि दिवाणजीचा फोन, हिशेबाचा संगणक, पावत्यांचा प्रिंटर, चार आयपी कॅमेरे, त्यांचा रेकॉर्डर, भिंतीवरचा टीव्ही. आकडा दहाच्या खाली येत नाही. वरच्या मजल्यावर घर असेल तर तो दुप्पट होतो.

या सगळ्यांना पत्ते द्यायचे कोणी आणि कसे, हा प्रश्न गिऱ्हाइकाला कधी पडत नाही. नेटवाला येतो, फायबर ओढतो, डबा लावतो, ‘झालं’ म्हणून जातो. पण त्या डब्यात एक छोटी सेवा चालू असते किंवा नसते, नीट चालते किंवा वाईट चालते. आणि नव्या पिढीच्या इंटरनेटचं, म्हणजे आयपीव्ही६चं, त्या दुकानापुरतं भवितव्य तिथंच ठरतं. या सेवेचं नाव राउटर अॅडव्हर्टाइजमेंट. धंद्यातले लोक नुसतं ‘आरए’ म्हणतात. ती काय करते, तिच्याबद्दल वाद कोणते, तिच्यात काय बिघडतं आणि लहान गावाच्या नेटवाल्यानं ती कशी चालवावी, याचा हा आढावा.

जुनी टंचाई

आयपीच्या चौथ्या आवृत्तीत पत्ता ३२ बिटांचा. म्हणजे सगळ्या जगाला मिळून सुमारे ४२९ कोटी पत्ते. ३ फेब्रुवारी २०११ रोजी आयाना या जागतिक कोठारातले शेवटचे गठ्ठे वाटून संपले आणि त्याच वर्षी १५ एप्रिलला आशिया-पॅसिफिक विभागाचं एपनिक आपल्या शेवटच्या गठ्ठ्यावर आलं. भारतात जिल्ह्यापुरत्या, तालुक्यापुरत्या सेवा देणाऱ्या कंपन्या बहुतेक त्यानंतर उभ्या राहिल्या. त्यांच्या वाट्याला आयपीव्ही४चे पत्ते आले ते मूठभर.

मग शेकडो गिऱ्हाइकं एका पत्त्यामागे बसवायची पद्धत आली. तिला सीजीनॅट म्हणतात. ब्राउझर चालतो, व्हॉट्सअॅप चालतं, व्हिडिओही चालतो. पण दुकानाचे कॅमेरे पुण्याहून पाहायचे म्हटलं की अडतं, कारण बाहेरून आत येणारी वाट कुठल्या दुकानाकडे वळवायची हे त्या सामायिक पत्त्याला कळत नाही. तेव्हा नेटवाला सांगतो, ‘पब्लिक आयपी घ्या, महिन्याला जादा पडतील.’ जी गोष्ट मुळात जोडणीतच असायला हवी होती, ती टंचाईमुळे वेगळी विकाऊ झाली.

सहाव्या आवृत्तीत पत्ता १२८ बिटांचा. इथे संख्येची चणचण नाही. सेवादात्याला साधारणपणे मिळणारा सगळ्यात लहान गठ्ठा ३२ बिटांच्या प्रीफिक्सचा, म्हणजे पत्त्याचे पहिले ३२ बिट ठरलेले असा, असतो. त्यातून प्रत्येक गिऱ्हाइकाला ५६ बिटांचा प्रीफिक्स दिला, तरी १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ गिऱ्हाइकं बसतात. आणि त्या प्रत्येकाला आपल्या घरात २५६ स्वतंत्र जाळी करता येतात. एका जिल्ह्याच्या सेवादात्याला हे जन्मभर पुरावं. भारतात हे गठ्ठे आयआरआयएनएन ही नोंदणी संस्था देते. ती २०१२ पासून निक्सी या राष्ट्रीय इंटरनेट एक्स्चेंजच्या छत्राखाली काम करते आहे.

पत्ते मुबलक झाले, पण ते उपकरणापर्यंत पोचवायचे कसे, हा प्रश्न उरलाच.

राउटर काय सांगतो

जुन्या पद्धतीत उपकरण पत्ता मागतं. ‘मी आलोय, मला पत्ता द्या’ अशी हाक ते घालतं. डीएचसीपी नावाचा कारकून वही उघडून मोकळा पत्ता देतो आणि नोंद ठेवतो. आरएमध्ये वही नाही, कारकूनही नाही. राउटर ठरावीक वेळानं सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर करतो: या जाळ्याचा प्रीफिक्स हा, बाहेर जायची वाट माझ्यातून, इतका वेळ यावर विसंबा. जुन्या काळी गावात दवंडी पिटली जायची, तसंच हे. ऐकणाऱ्यानं आपापलं पाहून घ्यायचं.

प्रीफिक्स ६४ बिटांचा. उरलेले ६४ बिट उपकरण स्वतः ठरवतं, दोन्ही जोडून पूर्ण पत्ता बनवतं आणि वापरण्याआधी ‘हा पत्ता कोणाचा आहे का?’ असं शेजाऱ्यांना विचारतं. कोणी हरकत घेतली नाही की पत्ता त्याचा. या स्वयंचलित पद्धतीला स्लॅक म्हणतात. नव्यानं आलेल्या उपकरणाला पुढच्या जाहिरातीची वाट पाहत बसावं लागत नाही. ते स्वतःच ‘राउटर आहे का कोणी?’ असं विचारतं आणि राउटर अर्ध्या सेकंदाच्या आसपास उत्तर देतो.

एका आरएमध्ये आणखी बरंच काही असतं. साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या डीएनएस सर्व्हरचे पत्ते असतात. जाळ्यात एका वेळी किती मोठं पाकीट चालेल त्याची मर्यादा असते. प्रत्येक प्रीफिक्सला दोन मुदती असतात: पहिली संपली की उपकरण तो पत्ता नव्या कामाला वापरत नाही, दुसरी संपली की टाकून देतं. शिवाय दोन खुणा असतात, एम आणि ओ. एम लावली तर ‘पत्ता डीएचसीपीव्ही६कडूनही मिळेल’, ओ लावली तर ‘बाकीची माहिती त्याच्याकडे विचारा’.

पाकिटाच्या मर्यादेचा मुद्दा आपल्याकडे विशेष महत्त्वाचा. लहान सेवादाते बहुधा पीपीपीओई ही जोडणीची पद्धत वापरतात आणि त्यात १५०० ऐवजी १४९२ बाइटांचंच पाकीट जातं. आयपीव्ही६मध्ये वाटेतला राउटर पाकिटाचे तुकडे करत नाही. ‘पाकीट मोठं आहे’ असा निरोप उलट पाठवतो. हा निरोप जातो आयसीएमपीव्ही६वरून, आणि खुद्द आरएही त्याच वाहनावरून जाते. ‘पिंग बंद म्हणजे सुरक्षित’ या समजुतीनं कोणी सगळं आयसीएमपीव्ही६ अडवलं, तर काही साइट उघडतात, काही अर्ध्यावर लटकतात आणि दोष कुठे हे दिवसभर सापडत नाही. आरएमध्येच १४९२ जाहीर केलं, तर घरातली उपकरणं मुळातच लहान पाकीट पाठवतात.

कल्पना जुनी, वाद जुना

राउटरनं स्वतःहून जाहीर करायची कल्पना आयपीव्ही६च्या आधीची. आयपीव्ही६च्या शिल्पकारांपैकी एक असलेल्या स्टीव्ह डीअरिंग यांनी सप्टेंबर १९९१ मध्ये आयपीव्ही४साठीच राउटर डिस्कव्हरीचं मानक लिहिलं होतं. डीएचसीपीचं पहिलं मानक आलं ऑक्टोबर १९९३ मध्ये. आयपीव्ही४च्या जगात कारकुनाची पद्धत जिंकली आणि जाहिरातीची मागे पडली.

आयपीव्ही६मध्ये उलट झालं. डिसेंबर १९९५ मध्ये मूळ मानक आलं. ऑगस्ट १९९६ मध्ये शेजार-शोध (आरए त्याचाच भाग) आणि स्वयंचलित पत्त्याची मानकं आली. स्लॅकचं मानक सुझन थॉमसन आणि थॉमस नार्टन यांनी लिहिलं. डीएचसीपीव्ही६चं मानक पूर्ण व्हायला मात्र जुलै २००३ उजाडलं. मधल्या सात वर्षांत प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीमनं आरए ऐकायला शिकून घेतलं. तिचं आजचं मूळ मानक सप्टेंबर २००७चं आहे.

तेव्हापासून एक वाद धुमसतो आहे. बँका, विद्यापीठं, मोठी कार्यालयं म्हणतात: कोणाला कोणता पत्ता दिला याची वही आम्हाला हवी, म्हणून डीएचसीपीव्ही६ हवं. दुसरी बाजू म्हणते: पत्ते मुबलक आहेत, एकेका उपकरणाला अनेक पत्ते घेऊ द्या, परवानगी मागायला लावू नका. गूगलनं दुसरी बाजू घेतली आणि अँड्रॉइडनं वर्षानुवर्षं डीएचसीपीव्ही६कडून पत्ता घेतलाच नाही. विंडोज, मॅक आणि आयफोन दोन्ही पद्धतींनी पत्ता घेतात.

लासूर स्टेशनपुरता हा वाद दोन गोष्टींनी निकालात निघतो. पहिली: आपल्या गावांतले बहुसंख्य फोन अँड्रॉइडचे. नुसतं डीएचसीपीव्ही६ चालवलं तर निम्म्याहून जास्त फोन आयपीव्ही६विना राहतील. दुसरी गोष्ट तांत्रिक पण निर्णायक: डीएचसीपीव्ही६ पत्ता देतं, डीएनएस सांगतं, पण बाहेर जायची वाट सांगतच नाही. ती माहिती फक्त आरएमधूनच मिळते. म्हणजे डीएचसीपीव्ही६ची कितीही जय्यत तयारी केली तरी आरए चालवावीच लागते. वाद आहे तो तिच्या जोडीला आणखी काय चालवायचं, एवढाच.

मोबाइलनं आधीच उत्तर दिलं

हे सगळं भविष्यातलं वाटत असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन आयपी पत्ता पाहावा. बहुतेकांना तिथं अंक आणि अक्षरं मिसळलेला लांबलचक पत्ता दिसेल. ५ सप्टेंबर २०१६ रोजी रिलायन्स जिओची सेवा सुरू झाली ती पहिल्या दिवसापासून आयपीव्ही६ धरूनच. कोट्यवधी नव्या फोनांना आयपीव्ही४ पुरवणं परवडणारं नव्हतं. बाकीच्या मोबाइल कंपन्याही त्या वाटेनं गेल्या. आज गूगलच्या मोजणीत भारतातले दहापैकी सातच्या आसपास वापरकर्ते आयपीव्ही६वरून येतात आणि जगातल्या आघाडीच्या देशांत भारताची गणना होते.

मोबाइलच्या जाळ्यातही यंत्रणा हीच. फोन चालू झाला की कंपनीचा गेटवे त्याला आरए पाठवतो, त्यात ६४ बिटांचा एक प्रीफिक्स असतो आणि तो त्या एका फोनचाच. आपण हॉटस्पॉट चालू केला की फोन स्वतः राउटर बनतो आणि तोच प्रीफिक्स आपल्या लॅपटॉपला जाहीर करतो. लासूर स्टेशनच्या फलाटावर हॉटस्पॉट लावून बसलेला कॉलेजचा पोरगा, त्याच्या नकळत, राउटर अॅडव्हर्टाइजमेंट सेवा चालवत असतो.

मागे राहिली आहे ती तारेची जोडणी. सरकारचा आयपीव्ही६चा पहिला आराखडा जुलै २०१० मध्ये आला, दुसरा मार्च २०१३ मध्ये. मुदती ठरल्या, पुढे ढकलल्या गेल्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये दूरसंचार विभागानं सुधारित तारखा दिल्या: सरकारी संस्थांनी ३० जून २०२२ पर्यंत आयपीव्ही६वर यावं, आणि ३१ डिसेंबर २०२२ नंतर दिली जाणारी प्रत्येक नवी घरगुती तारजोडणी आयपीव्ही६ वाहून नेण्याजोगी असावी. वाहून नेण्याजोगी असणं वेगळं आणि प्रत्यक्ष चालू असणं वेगळं. डब्यात सोय असते. ती चालू करण्याचं काम उरतं.

याचं महत्त्व पुढे वाढणार. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं गावोगावी फायबर नेणाऱ्या सुधारित भारतनेट कार्यक्रमाला सुमारे १.३९ लाख कोटी रुपयांची मंजुरी दिली, आणि त्यात गावातल्या शेवटच्या टप्प्याची जोडणी स्थानिक उद्योजकांनी द्यायची अशी मांडणी आहे. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत किराणा दुकानदार वा चहावालाही सार्वजनिक वाय-फाय चालवू शकतो. जाळं चालवणारे हात यापुढे लहान गावांतले असणार, आणि तेच या लेखाचे खरे वाचक.

कोणता प्रोग्राम?

लिनक्सवर सगळ्यात जुना आणि अजून वापरात असलेला प्रोग्राम म्हणजे रॅडव्हीडी. १९९६च्या सुमारास पेद्रो रोके आणि लार्स फेनेबर्ग यांनी तो लिहिला. पुढे इतरांनी सांभाळला. मुक्त आहे, हलका आहे, एकच काम करतो. त्याच्या फाइलीत दोन गोष्टी सांगाव्या लागतात: कोणत्या इंटरफेसवर जाहीर करायचं आणि कोणता प्रीफिक्स. जाहिरात पाठवायची कळ मुळात बंद असते. ती चालू केली नाही तर प्रोग्राम चालू दिसतो पण तोंड उघडत नाही. नवशिक्याचा पहिला तास इथं जातो.

दुसरा तास जातो तो लिनक्सच्या एका खोडीत. संगणकाला राउटर बनवण्यासाठी फॉरवर्डिंग चालू केलं की लिनक्स स्वतः दुसऱ्याच्या आरए ऐकणं बंद करतो, कारण ‘राउटर ऐकत नाही, सांगतो’ असा त्याचा समज. मग सेवादात्याकडून येणारी वाट अचानक नाहीशी होते. बाहेरच्या इंटरफेसवर ‘अॅक्सेप्ट आरए’ची किंमत एकवरून दोन केली की दोन्ही कामं होतात.

रॅडव्हीडीला पर्याय पुष्कळ आहेत. डीएनएस आणि डीएचसीपी एकत्र हवं असेल तर डीएनएसमास्क. घरगुती राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी टाकलं असेल तर त्यात ओडीएचसीपीडी आधीपासून असतो. सेवादात्याकडून आलेला प्रीफिक्स घेऊन तो पुढे आपोआप जाहीर करतो. फ्रीबीएसडीवर आरटीएडीव्हीडी आहे, त्याचा उगम जपानच्या कामे प्रकल्पात. ओपनबीएसडीनं २०१८ मध्ये स्वतःचा नवा रॅड आणला. लहान सेवादात्यांचा लाडका मायक्रोटिक राउटर हे काम आतच करतो. निवड साधी आहे: एक प्रीफिक्स कायमचा असेल आणि लिनक्सचा सर्व्हर असेल तर रॅडव्हीडी, प्रीफिक्स बदलता असेल तर तो बदल स्वतः ओळखणारा ओडीएचसीपीडीसारखा प्रोग्राम. प्रीफिक्स हातानं लिहून ठेवलेला रॅडव्हीडी बदलत्या जोडणीवर ठेवणं म्हणजे रोजचं दुखणं.

वाय-फायवर एक काळजी जास्त. सगळ्यांना उद्देशून पाठवलेलं पाकीट झोपलेल्या फोनांनाही जागं करतं आणि बॅटरी खातं. रॅडव्हीडीचं मूळ अंतर दोनशे ते सहाशे सेकंदांचं, म्हणजे तासाला सरासरी नऊ जाहिराती. इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफच्या फेब्रुवारी २०१६च्या शिफारशीत तासाला सातच्या आसपास पुरे म्हटलं आहे, आणि विचारणाऱ्याला उत्तर एकट्यालाच द्यावं असं सुचवलं आहे. ‘लवकर कळावं’ म्हणून दर दहा सेकंदांनी जाहीर करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

वीज गेली की काय होतं

मराठवाड्यात कुठलंही जाळं मांडताना वीज जाणार हे गृहीतच धरावं लागतं. आरएच्या बाबतीत हीच परिस्थिती सगळ्यात अवघड प्रश्न उभा करते.

समजा, वीज गेली आणि राउटर बंद पडला. दुकानातला मधला स्विच आणि संगणक इन्व्हर्टरवर आहेत, ते चालूच राहिले. वीज आली, राउटर उठला, सेवादात्याकडे नव्यानं जोडला गेला आणि या वेळी सेवादात्यानं वेगळाच प्रीफिक्स दिला. राउटर नवा प्रीफिक्स जाहीर करू लागतो. पण संगणकाला जुना प्रीफिक्स रद्द झाल्याचं कोणी सांगितलेलंच नाही. त्याच्या लेखी जुना पत्ता अजून वैध आहे, आणि मानकातल्या मूळ मुदती पाहिल्या तर पसंतीची सात दिवसांची आणि वैधतेची तीस दिवसांची. संगणक जुन्या पत्त्यावरून विनंती पाठवतो; उत्तर कधी येत नाही. नेट ‘आहे’ असं दिसतं, चालत मात्र नाही. मग कोणीतरी सांगतं, ‘आयपीव्ही६ बंद करा, सगळं सुरळीत होईल.’ होतंही, आणि आयपीव्ही६ त्या दुकानातून कायमचं जातं.

प्रोग्राममध्ये याची सोय नाही असं नाही. रॅडव्हीडीला सांगून ठेवलं तर बंद होताना तो प्रीफिक्स मागे घेत असल्याची जाहिरात करतो. पण वीज गेल्यावर निरोप द्यायला वेळ मिळतो कुठे? शिवाय मानकातच एक अटकाव आहे: कोणी खोडसाळपणे मुदत शून्य जाहीर करून सगळ्यांचे पत्ते उडवू नयेत, म्हणून आधीच दिलेली लांब वैध मुदत दोन तासांच्या खाली आणता येत नाही. पसंतीची मुदत मात्र शून्य करता येते, आणि उपाय त्यातच आहे.

या विषयावर २०२१ मध्ये आयईटीएफनं दोन दस्तऐवज काढले. मार्चमधल्या पहिल्यात प्रश्नाची मांडणी आहे. ऑगस्टमधल्या दुसऱ्यात घरगुती राउटरनं काय करावं ते सांगितलं आहे. राउटरनं आधी दिलेला प्रीफिक्स वीज गेली तरी टिकेल अशा जागी लिहून ठेवावा. उठल्यावर नवा मिळाला तर जुन्याची पसंतीची मुदत शून्य म्हणून जाहीर करावी. आणि एरवीही मुदती आटोपशीर ठेवाव्यात, पसंतीची ४५ मिनिटं, वैधतेची ९० मिनिटं. रॅडव्हीडीच्या स्वतःच्या मूळ मुदती चार तास आणि एक दिवस आहेत. महिन्याभराच्या मानानं बऱ्या, पण आपल्याकडच्या विजेच्या मानानं लांबच.

पण खरा उपाय गिऱ्हाइकाच्या डब्यात नाही. सेवादात्यानं प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच प्रीफिक्स कायमचा बांधून दिला, तर वरचा सगळा प्रसंग घडतच नाही. आयपीव्ही४मध्ये पत्ता बदलता ठेवण्यामागे टंचाईचं कारण होतं. इथे तेही नाही. युरोपातल्या चालकांच्या राइप या व्यासपीठानं २०१७ मध्येच शिफारस केली आहे की प्रीफिक्स ४८ किंवा ५६ बिटांचा द्यावा आणि तो शक्यतो बदलू नये. एकच ६४ बिटांचा प्रीफिक्स दिला तर घरात एकच जाळं होतं. कॅमेरे एका जाळ्यात, गिऱ्हाइकांचं वाय-फाय दुसऱ्यात, हिशेबाचा संगणक तिसऱ्यात ठेवायचं म्हटलं तर जागाच नाही.

दुसऱ्याच कोणी जाहीर केलं तर

आरएची ताकद तिच्या मोकळेपणात आहे, आणि धोकाही तिथंच. जाळ्यातलं कोणतंही यंत्र उठून ‘मी राउटर’ म्हणू शकतं आणि ऐकणारे विश्वास ठेवतात.

बहुतेक वेळा यात बदमाशी नसते, गफलत असते. केबलच्या जाळ्यात काम केलेल्या प्रत्येकाला ‘उलटा लावलेला राउटर’ माहीत आहे: गिऱ्हाइकानं बाहेरची तार आतल्या पोर्टात खुपसली की त्याचा राउटर सगळ्या गल्लीला पत्ते वाटू लागतो. आयपीव्ही६मध्ये हा घोळ जास्त वेगानं पसरतो, कारण इथे कोणी मागायची वाट पाहत नाही. एका जाहिरातीत सगळी गल्ली चुकीच्या वाटेला लागते. बदमाशीचीही उदाहरणं आहेत. हजारो खोट्या जाहिरातींचा मारा करून संगणक थकवणारी अवजारं पूर्वीपासून फुकट मिळतात. ऑक्टोबर २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टनं विंडोजमधली एक गंभीर त्रुटी दुरुस्त केली; आरएमधला डीएनएसचा रकाना मुद्दाम चुकीच्या लांबीचा पाठवला की यंत्राचा ताबा जाण्यापर्यंत मजल जाऊ शकत होती.

संरक्षण आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये आरए-गार्डचं वर्णन प्रसिद्ध झालं: स्विचला सांगून ठेवायचं की राउटर अमुक पोर्टावर आहे, बाकी कुठल्याही पोर्टावरून आरए आली तर फेकून दे. पाकिटाचे तुकडे करून याला चकवता येतं हे लवकरच दिसलं आणि पुढच्या मानकांनी ती फट बुजवायचा मार्ग सांगितला. सही करून जाहिरात पाठवायची सेंड नावाची पद्धत २००५ पासून कागदावर आहे, पण वापरात जवळजवळ कुठेच नाही. गावच्या नेटवाल्यासाठी व्यवहार्य मार्ग सरळ आहे: ओएलटीवर, म्हणजे सगळ्या गिऱ्हाइकांचे फायबर जिथे जमतात त्या यंत्रावर, गिऱ्हाइकं एकमेकांपासून वेगळी ठेवा, गिऱ्हाइकाकडून येणारी आरए अडवा, आणि खरेदी करताना स्विचमध्ये आरए-गार्ड आहे का ते आधी विचारा.

आणखी एक दार विसरू नये. सीजीनॅटमुळे बाहेरून आत येता येत नव्हतं. ती अडचण होती, तसाच आडोसाही होता. आयपीव्ही६मध्ये प्रत्येक कॅमेऱ्याला जगभर पोचणारा पत्ता मिळतो. राउटरच्या फायरवॉलमध्ये ‘बाहेरून आलेलं, आतून न मागितलेलं, बंद’ हा नियम असलाच पाहिजे. कॅमेरा बाहेरून पाहायचा असेल तर त्या एकट्यासाठी वाट उघडावी.

वही कोण ठेवणार?

सुरुवातीला उपकरणं आपला हार्डवेअर क्रमांकच पत्त्यात घालत. त्यामुळे तोच फोन संभाजीनगरात, मनमाडला, मुंबईत कुठेही गेला तरी पत्त्याच्या मागच्या अर्ध्यावरून ओळखू येई. २००१ मध्ये तात्पुरत्या, बदलत्या पत्त्यांचं मानक आलं. आजची उपकरणं तेच वापरतात. माणसाचा खासगीपणा सांभाळला गेला, पण नोंद ठेवणाऱ्याची पंचाईत झाली.

आपल्याकडे नोंद ठेवणं ऐच्छिक नाही. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेच्या एप्रिल २०२२च्या आदेशानुसार नोंदी १८० दिवस ठेवाव्या लागतात, आणि सेवादात्यांच्या परवान्यातली मुदत त्याहून लांब, दोन वर्षांची आहे. सीजीनॅटमध्ये याचा खर्च भारी: कोणत्या क्षणी कोणत्या पोर्टावर कोण होता, याच्या नोंदींचे डोंगर साठतात. आयपीव्ही६मध्ये गिऱ्हाइकाला प्रीफिक्स कायमचा दिला की एका गिऱ्हाइकाची एकच ओळ पुरते. आतल्या उपकरणांनी दिवसातून कितीही पत्ते बदलले तरी प्रीफिक्स बदलत नाही. सार्वजनिक वाय-फायसाठीही असाच मार्ग आहे: प्रत्येक फोनला स्वतंत्र ६४ बिटांचा प्रीफिक्स जाहीर करायचा. २०१७ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं आहे. त्यानं नोंद सोपी होते आणि एका फोनचा दुसऱ्याला उपद्रवही टळतो. वहीसाठी डीएचसीपीव्ही६ हवं, हा युक्तिवाद इथे बराचसा निकामी होतो.

निष्कर्ष

सगळं तोलून पाहता लहान गावाच्या जाळ्यासाठी उत्तर स्पष्ट आहे. उपकरणांना पत्ता स्लॅकनंच मिळू द्यावा. डीएनएस आरएमधूनच सांगावं. विंडोज १०च्या पुढच्या आवृत्त्यांसकट आजच्या सगळ्या प्रमुख सिस्टीम ते ऐकतात. डीएचसीपीव्ही६ वापरावं ते सेवादात्यानं गिऱ्हाइकाच्या राउटरला प्रीफिक्स सोपवण्यापुरतं. पीपीपीओई असेल तर १४९२ जाहीर करावं, आयसीएमपीव्ही६ अडवू नये, बाहेरून येणाऱ्याला फायरवॉल लावावी आणि गिऱ्हाइकाकडून येणाऱ्या आरएला गार्ड लावावा.

यातलं बहुतेक एका दुपारचं काम आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. ज्याला खरी जबाबदारी म्हणावी अशी गोष्ट एकच: गिऱ्हाइकाला ५६ बिटांचा प्रीफिक्स द्या आणि तो बदलू नका. हा निर्णय दुकानदाराच्या हातात नाही, डबा लावणाऱ्या मुलाच्याही नाही; तो सेवादात्याच्या कार्यालयात होतो. म्हणून गिऱ्हाइकांनीही नवी जोडणी घेताना ‘स्पीड किती?’ या प्रश्नाबरोबर आणखी दोन प्रश्न विचारावेत: आयपीव्ही६ चालू आहे का, आणि वीज जाऊन आल्यावर माझा प्रीफिक्स तोच राहतो का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तिथंच जोडणी घ्यावी.